चाक थांबले, तरी इंजिन चालू

चिंचपाडा हे नंदुरबार जिल्ह्याच्या नवापूर तालुक्यातले गाव, सुरत–भुसावळ लोहमार्गावरचे एक छोटे स्टेशन. या भागात मुरमाच्या खाणीवर, शेततळ्याच्या कामावर किंवा रस्त्याच्या कडेला पिवळे खोदयंत्र कधीच पाहिले नाही असा विद्यार्थी सापडणे कठीण. यंत्राचे खरे नाव बॅकहो लोडर. पण ते बनवणाऱ्या एका कंपनीच्या नावावरून सगळा महाराष्ट्र त्याला जेसीबी म्हणतो. 2014 च्या डिसेंबरात जाहीर झालेले जलयुक्त शिवार अभियान, त्यानंतरची शेततळ्यांची योजना, रस्त्यांची रुंदीकरणे अशा कामांमुळे ही यंत्रे आडवाटेच्या पाड्यांपर्यंत पोचली.

हे यंत्र पुढची बकेट घेऊन मुरमाच्या ढिगात घुसते तेव्हा जरा थांबून पाहा. बकेट रुतते, यंत्र रेटत राहते आणि एका क्षणी चाके पूर्ण थांबतात. इंजिन मात्र गुरगुरत असते. चालक घाईने क्लच दाबत नाही. दाबायला तिथे क्लचचे पेडलच नसते. ढीग जरा सैल झाला की यंत्र आपोआप पुढे सरकते. हीच वेळ मोटारसायकलवर आली असती, म्हणजे गिअरमध्ये असताना चाक कशाला तरी अडकले असते, तर इंजिन आचका देऊन बंद पडले असते. मग इथे चाक थांबले तरी इंजिन चालू कसे?

कारण चाक आणि इंजिन यांच्यामध्ये लोखंडाला लोखंड भिडवणारा दुवा नाही. मध्ये तेल आहे. ज्या डब्यात हे तेल फिरते त्याला टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर. नट आवळताना पान्यावर आपण जो पीळ देतो तो टॉर्कच; पाठ्यपुस्तकात तो बलाचे आघूर्ण या नावाने भेटतो. हा डबा पीळ नुसता पोचवत नाही, तो वाढवूनही देतो. कोणत्या यंत्राला कोणता कन्व्हर्टर बसवायचा हा प्रश्न त्यामुळेच अवघड आणि खर्चिक होतो, आणि आपल्याला त्याकडेच जायचे आहे. पण आधी डब्याच्या आत काय आहे ते पाहू.

दोन पंखे आणि एक टेकू

वर्गात दोन टेबलपंखे समोरासमोर वीतभर अंतरावर ठेवा. एक सुरू करा. दुसऱ्याची वायर काढलेलीच असू द्या. थोड्याच वेळात दुसऱ्या पंख्याची पाती फिरू लागतील. आता या दुसऱ्या पंख्याच्या जाळीतून जाड कागदाची सुरळी घालून त्याची पाती अडवा. पहिला पंखा थांबत नाही. जेसीबीची चाके मुरमात अडकल्यावर इंजिनाचे जे होते तेच इथे झाले. फरक इतकाच की इथे मध्ये हवा आहे आणि तिथे हवेच्या सातशेपट घनतेचे तेल.

खऱ्या कन्व्हर्टरमध्ये ही दोन चक्रे मेदूवडा आडवा कापून केलेल्या दोन अर्ध्या भागांसारखी एकमेकांकडे तोंड करून बसवलेली असतात. इंजिनाबरोबर फिरते तो पंप. गिअरबॉक्सकडे जाणाऱ्या दांड्यावर बसते ते टर्बाइन. पंपाची पाती तेलाला बाहेरच्या कडेकडे भिरकावतात. ते तेल समोरच्या टर्बाइनच्या पात्यांवर आदळते, त्यांना ढकलते आणि वळून मध्याकडे परत येते. इथे एक अडचण आहे. टर्बाइन थांबलेले असेल तर तेल उलट्या दिशेने वळून बाहेर पडते. असेच पंपाकडे गेले तर ते पंपाच्या फिरण्याला विरोध करील.

म्हणून दोघांच्या मध्ये, वड्याच्या भोकापाशी, एक तिसरे छोटे पात्यांचे चक्र असते. त्याला स्टेटर म्हणतात. ते गिअरबॉक्सच्या न हलणाऱ्या कवचाला टेकलेले असते. उलटे येणारे तेल त्याच्या वक्र पात्यांवर आपटून पुन्हा पंपाच्या दिशेने वळते. स्टेटर तेलाला वळवतो, म्हणजे तेलावर बल लावतो. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाने तेल स्टेटरवर तेवढेच उलटे बल लावते आणि ते शेवटी कवचावर जाते. हिशेब सोपा आहे : टर्बाइनला मिळणारा टॉर्क म्हणजे इंजिनाचा टॉर्क अधिक स्टेटरने दिलेला टॉर्क. पहारीने दगड उचलताना आपला जोर वाढतो तो टेकूमुळे. स्टेटर हा या यंत्रातला टेकू. तो नसेल तर जितका पीळ आत जाईल तितकाच बाहेर येईल, एक न्यूटन-मीटरही अधिक नाही. अशा स्टेटर नसलेल्या जोडणीला फ्लुइड कपलिंग म्हणतात.

तेल वळवल्याने जोर वाढतो हे विद्यार्थ्यांना पटवायचे असेल तर उंचावर ठेवलेल्या बादलीतून नळीने पाण्याची आडवी धार सोडा. तिच्यासमोर दोऱ्यांनी टांगलेला पत्र्याचा सपाट तुकडा धरा आणि तो किती मागे जातो याची खूण करा. मग तेवढ्याच वजनाची खोलगट वाटी, तोंड धारेकडे करून टांगा. वाटी अधिक मागे जाईल. सपाट पत्र्यावर धारेचा पुढे जाण्याचा वेग फक्त शून्य होतो; वाटीत तो उलटा होतो. धार पूर्ण उलटी वळली तर बल दुप्पट यायला हवे. प्रत्यक्षात पाणी बाजूंना सांडते, त्यामुळे दुपटीपेक्षा कमी येते.

यंत्राला वेग येऊ लागला की टर्बाइनही पंपाच्या मागोमाग फिरू लागते आणि तेलाचे उलटे वळणे कमी होत जाते. एका टप्प्यानंतर तेल स्टेटरच्या पाठीवर आदळू लागते. तेव्हा स्टेटर अडून बसला तर तो अडथळाच ठरेल. म्हणून तो एकाच दिशेने फिरू शकणाऱ्या क्लचवर बसवतात. सायकलच्या मागच्या चाकातले फ्रीव्हील आठवा : पेडल पुढे मारले की पकडते, थांबवले की कटकट करत मोकळे फिरते. स्टेटर तसाच मोकळा होतो आणि तिथून पुढे कन्व्हर्टर साध्या कपलिंगसारखा वागतो.

आता एक गमतीचा प्रश्न वर्गाला घाला. मोटारगाडीतला नेहमीचा कन्व्हर्टर टॉर्क सर्वांत जास्त वाढवतो तो टर्बाइन पूर्ण थांबलेले असताना, साधारण दोन ते अडीच पट. त्या क्षणी त्याची कार्यक्षमता किती? हुशार मुले मोठा आकडा सांगतात. उत्तर शून्य आहे. शक्ती म्हणजे टॉर्क गुणिले कोनीय वेग. बाहेरचा वेग शून्य, म्हणून बाहेर मिळणारी शक्तीही शून्य. इंजिन 250 न्यूटन-मीटर टॉर्क देत मिनिटाला 1800 फेरे फिरत असेल तर सुमारे 47 किलोवॅट शक्ती तेलात जाते आणि सगळीच्या सगळी उष्णता होते. घरातल्या दीड किलोवॅटच्या इमर्शन रॉडशी तुलना करा : एकतीस रॉड एका छोट्या डब्यात! डब्यात पाच किलो तेल धरले आणि त्याची विशिष्ट उष्णता किलोला अंशामागे 2 किलोज्यूल धरली, तर तापमान सेकंदाला जवळजवळ पाच अंशांनी चढते. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे दोनदा लागणार आहे.

जहाजापासून लोहमार्गापर्यंत

ही कल्पना हेरमान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याची. तो श्टेटीनच्या फुल्कान जहाजबांधणी कारखान्यात काम करत होता. हे शहर आज पोलंडमध्ये आहे. वाफेचे टर्बाइन वेगाने फिरते, जहाजाचा पंखा मात्र सावकाश फिरवावा लागतो, आणि एवढी मोठी शक्ती पेलणारी दातेरी चाके त्या काळी खात्रीची नव्हती. टर्बाइनने पाण्याचा पंप चालवावा आणि त्या पाण्याने दुसरे चक्र फिरवावे असा विचार करता करता त्याने मधल्या नळ्याच काढून टाकल्या आणि दोन्ही चक्रे एका कवचात समोरासमोर बसवली. 1905 साली त्याने पेटंट घेतले. पुढे जहाजांना चांगली दातेरी चाके मिळाली आणि त्यांना या डब्याची गरज उरली नाही. जमिनीवरच्या वाहनांनी मात्र तो उचलला. अमेरिकेत ब्युइक कंपनीने 1948 मध्ये डायनाफ्लो या नावाने तो मोटारगाडीत आणला.

आपल्याकडे हा विषय रेल्वेने गांभीर्याने घेतला. मनमोहन सुरी या अभियंत्याने डिझेल इंजिनांसाठी सुरी ट्रान्समिशन तयार केले. त्यांना 1962 चे भटनागर पारितोषिक मिळाले आणि दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेचे ते संचालक होते. गाडी हलवताना तेलाचा कन्व्हर्टर आणि वेग आल्यावर यांत्रिक जोडणी, असा तो मेळ होता. चित्तरंजनच्या कारखान्यातून निघालेल्या शंटिंगच्या डब्ल्यूडीएस-4 जातीच्या इंजिनांत तो वापरला गेला. आपल्या विज्ञानाच्या पुस्तकांत सुरींचे नाव क्वचितच येते, हे मला नेहमी खटकते.

इथे एक खुलासा करतो, कारण मुले हमखास विचारतात. क्लच पेडल नसलेल्या प्रत्येक गाडीत टॉर्क कन्व्हर्टर असतो असे नाही. भारतातल्या अनेक स्वस्त ‘ऑटोमॅटिक’ मोटारींत नेहमीचाच क्लच असतो, फक्त तो दाबण्याचे काम पायाऐवजी यंत्रणा करते. गिअर नसलेल्या स्कूटरमध्ये पट्टा आणि केंद्रोत्सारी बलाने पकडणारा क्लच असतो. आणि कोंडाईबारी घाटात थांबून पुन्हा निघणाऱ्या भरलेल्या ट्रकमागे आपल्याला जो जळका वास येतो, तो घसरणाऱ्या क्लचच्या अस्तराचा. ट्रकमध्ये घर्षणाची झीज अस्तर सोसते. कन्व्हर्टरमध्ये तीच उष्णता तेल सोसते, आणि तेल थंड करता येते.

पेटीवरचा आकडा

आता निवडीचा प्रश्न. तो सर्वांत जास्त चघळला गेला तो अमेरिकेत, ड्रॅग रेसिंग करणाऱ्यांमध्ये. ही शर्यत म्हणजे सरळ पट्टीवर, उभ्या अवस्थेतून सुटून, पाव मैल म्हणजे 402 मीटर अंतर कमीत कमी वेळात कापणे. 1951 मध्ये तिथे या शर्यतींची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. आपल्याकडेही लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर 2010 नंतरच्या दशकात अशा शर्यती झाल्या आहेत, पण कन्व्हर्टर बदलण्याचा नाद तिकडचाच. आपल्या कामाचा आहे तो तिथला गरीब स्पर्धक : घरात एकच जुनी गाडी, पाच दिवस तीच कामावर न्यायची आणि सुट्टीच्या दिवशी तिच्यातच शर्यत लावायची. पैसे मोजके. इंजिनावर खर्च करून झाला आहे आणि आता कन्व्हर्टर घ्यायचा आहे.

दुकानात त्याला पेटीवर एक आकडा दिसतो : 2000, 2800, 3500. हा स्टॉल-वेग. टर्बाइन रोखून धरले आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला, तर इंजिन मिनिटाला जितक्या फेऱ्यांवर जाऊन अडते तो हा वेग. आकडा जितका मोठा तितकी गाडी जोरात सुटणार, अशी साधी समजूत. ती दोन ठिकाणी फसते.

पहिली गोष्ट, स्टॉल-वेग हा एकट्या कन्व्हर्टरचा गुण नाहीच. तो इंजिन आणि कन्व्हर्टर या जोडीचा गुण आहे. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना हे सूत्राने दाखवता येते. पंपाचा व्यास D आणि फेरे N मानू. तेलाचा वेग N आणि D यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असतो. ज्या वाटेने तेल वाहते तिचे क्षेत्रफळ D च्या वर्गाच्या प्रमाणात. म्हणून सेकंदाला वाहणारे तेल N गुणिले D च्या घनाच्या प्रमाणात. वाहणारे वस्तुमान गुणिले वेग म्हणजे संवेगाचा बदल, म्हणजेच बल. आणि बल गुणिले भुजा म्हणजे टॉर्क. भुजासुद्धा D च्या प्रमाणात. सगळे एकत्र केले की पंप फिरवायला लागणारा टॉर्क N च्या वर्गाच्या आणि D च्या पाचव्या घाताच्या प्रमाणात येतो.

पाचवा घात! व्यास थोडा कमी केला की फरक केवढा पडतो पाहा. व्यास 30 सेंटिमीटरवरून 25 वर आणला, तर त्याच वेगाला पंप फक्त 40 टक्के टॉर्क खातो. म्हणून शर्यतीचे कन्व्हर्टर लहान असतात. पात्यांचा कोन आणि स्टेटरचा आकार यांनीही फरक पडतो, पण मोठा हिशेब व्यासाचा.

आता आलेखाच्या कागदावर दोन रेषा काढा. एक इंजिनाची : कोणत्या फेऱ्यांना ते किती टॉर्क देते. दुसरी कन्व्हर्टरची : N च्या वर्गाने चढत जाणारा अन्वस्त. जिथे त्या एकमेकींना छेदतात तिथे इंजिन अडते, तो स्टॉल-वेग. 30 सेंटिमीटरचा एखादा कन्व्हर्टर 250 न्यूटन-मीटरच्या इंजिनामागे 1800 वर अडत असेल, तर 500 न्यूटन-मीटरच्या इंजिनामागे तोच सुमारे 2550 वर अडेल. डबा तोच, आकडा वेगळा. तेव्हा पेटीवरचा आकडा कोणत्या इंजिनामागे मोजला हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

समजण्यासाठी एक इंजिन घेऊ. शर्यतीसाठी त्याचा कॅमशाफ्ट बदलला आहे. असे इंजिन खालच्या फेऱ्यांना दुबळे आणि वरच्या फेऱ्यांना दमदार होते. समजा ते 1500 फेऱ्यांना 260 न्यूटन-मीटर देते, 2000 ला 300, 2500 ला 360, 3000 ला 420, आणि 3500 ते 4000 पर्यंत 450. वरचा 30 सेंटिमीटरचा कन्व्हर्टर त्यामागे लावला तर छेद सुमारे 1970 वर येतो. इंजिन जेमतेम 300 देते. कन्व्हर्टरने दुप्पट केले तर 600. तेच 25 सेंटिमीटरचा लावला तर इंजिन 3800 पर्यंत चढते आणि 450 देते, दुप्पट 900. इंजिनाला हातही न लावता सुटण्याचा जोर दीडपट झाला. पहिल्या जोडीत गाडी सुटताना दबते, आणि पाव मैलाच्या शर्यतीत सुरुवातीला गेलेला वेळ पुढे भरून काढणे फार कठीण असते. आपल्याकडचे मेकॅनिक याला पिकअप नाही म्हणतात.

दुसरी फसगत इथे सुरू होते. 25 सेंटिमीटरच्या डब्यात अडलेल्या अवस्थेत तेलात जाणारी शक्ती सुमारे 179 किलोवॅट; मोठ्या डब्यात ती 62 होती. शिवाय छोट्या डब्यात तेल कमी. धावपट्टीवर ही अवस्था दोन-तीन सेकंद टिकते आणि मग गाडी धावू लागते. तिथे खपून जाते. पण सोमवारी सकाळी वाहतुकीच्या गर्दीत, चढावर, पुन्हा पुन्हा थांबून निघताना हाच डबा तेल करपवतो आणि पेट्रोल पितो. करपलेल्या तेलाने गिअरबॉक्समधले क्लच घसरू लागतात, आणि स्वस्तात घेतलेल्या कन्व्हर्टरपायी गिअरबॉक्स जातो.

याच्या उलट, 3800 चा डबा म्हणजे 3800 फेरे होईपर्यंत गाडी हलणारच नाही, अशीही एक भीती असते. ती खरी नाही. सूत्राकडे पुन्हा पाहा. सपाट रस्त्यावर सावकाश जाताना लागणारा टॉर्क थोडा, मग तो पोचवायला घसरणही थोडी पुरते. घसरण मोठी होते ती भार मोठा असताना.

मग मोजक्या पैशांत काय घ्यावे? वरच्या इंजिनाला 27.5 सेंटिमीटरचा लावून पाहा. छेद सुमारे 2820 वर येतो, टॉर्क जवळजवळ 400, दुप्पट 800. उष्णता 117 किलोवॅट. जोराचा बराचसा फायदा हाती येतो आणि उष्णता मधल्या पातळीवर राहते. रोजच्या गाडीला मी हाच निवडीन, आणि उरलेल्या पैशांत तेल थंड करणारा वेगळा कूलर बसवीन. कूलरशिवाय ढिला कन्व्हर्टर घेणे म्हणजे चुलीवर पातेले ठेवून पाणी घालायला विसरणे.

निवड पक्की करण्याआधी गिअरचाही विचार करावा लागतो. जनरल मोटर्सचा 1969 पासून आलेला टर्बो-हायड्रामॅटिक 350 हा तीन गिअरांचा डबा या मंडळींत फार प्रिय. त्याचा पहिला गिअर 2.52, दुसरा 1.52, तिसरा 1. इंजिन 5500 फेऱ्यांवर असताना पहिल्यातून दुसऱ्यात गेले तर फेरे 3300 च्या आसपास कोसळायला हवेत. म्हणजे एकदा सुटल्यावर हे इंजिन त्याखाली फारसे उतरणारच नाही. प्रश्न उरतो तो फक्त सुटण्याच्या क्षणाचा, आणि त्यासाठी 3300 च्या पुष्कळ वरचा स्टॉल-वेग घेऊन रस्त्यावरच्या गाडीला काही मिळत नाही. गाडीचे वजन, मागच्या आसाचे गुणोत्तर, चाकाचा व्यास हेही विचारात घ्यावे लागते. गाडी जड आणि आसाचे गुणोत्तर उंच असेल तर कन्व्हर्टरला जास्त वेळ घसरावे लागते.

एक जुनी काटकसरीची युक्ती अशी : छोट्या चार सिलिंडरी गाडीचा लहान व्यासाचा कन्व्हर्टर मोडीतून आणायचा आणि मोठ्या इंजिनामागे लावायचा. सूत्र सांगते की तो जास्त फेऱ्यांवर अडेल, आणि अडतोही. पण त्याची पाती छोट्या इंजिनाच्या जोराला पुरतील एवढीच घट्ट बसवलेली असतात. शर्यतीच्या कन्व्हर्टरमध्ये ती भट्टीत ब्रेझिंग करून पक्की केलेली असतात. पैसे पडतात ते याचे. शिवाय कन्व्हर्टर बदलायचा म्हणजे गिअरबॉक्स खाली उतरवायचा. निवड चुकली की ती मजुरी दुसऱ्यांदा द्यावी लागते, म्हणून स्वस्त डबा दोनदा बसवण्यापेक्षा महाग डबा एकदा बसवलेला पुष्कळदा स्वस्त पडतो. पैसे थोडे असतील तर वेग आल्यावर पंप आणि टर्बाइन यांना थेट जोडून घसरण बंद करणारा लॉक-अप क्लच असलेला प्रकार मिळतो का तेही पाहावे. 1949 च्या पॅकार्ड अल्ट्रामॅटिकपासून तो माहीत आहे.

पुन्हा मुरमाच्या ढिगाकडे

बॅकहो लोडर शर्यत लावत नाही, पण त्याच्या मालकाचा प्रश्न तोच आहे. कर्ज काढून जुने यंत्र घेतलेला एखादा तरुण विचारात घ्या. कन्व्हर्टर खराब झाला आणि ‘बोल्ट जुळतात’ म्हणून दुसऱ्या यंत्राचा डबा बसवून दिला, तर काय होईल? डिझेल इंजिनाच्या कामाच्या फेऱ्यांचा पट्टा अरुंद असतो. समजा जास्तीत जास्त टॉर्क 1400 च्या आसपास आणि गव्हर्नर 2200 ला आवरतो. डबा फार कडक, म्हणजे इंजिनाच्या मानाने मोठा असेल, तर ढिगाला भिडताच इंजिन 1400 च्याही खाली दबते. धूर काळा होतो आणि बकेट उचलणाऱ्या हायड्रॉलिक पंपालाही फेरे मिळत नाहीत. रेटणे आणि उचलणे एकाच वेळी जमेनासे होते, आणि लोडरचे सगळे काम तर तेच. डबा फार ढिला असेल तर इंजिन गव्हर्नरपर्यंत मोकळे चढते, यंत्र रेटत नाही आणि तेलाच्या तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे सरकतो. तासावर भाडे घेणाऱ्याचे काम दोन्ही परींनी घटते आणि डिझेल जळतच राहते.

सुदैवाने जोडी बरोबर आहे की नाही हे गिअरबॉक्स न उघडता तपासता येते. उत्पादकाच्या पुस्तिकेत त्या यंत्राचा स्टॉल-वेग दिलेला असतो. तेल कामाच्या तापमानाला आणायचे, मोकळ्या सपाट जागेवर ब्रेक लावायचे, चाकांना लाकडी ठोकळे लावायचे, पुढेमागे कोणी नाही याची खात्री करायची, पुस्तिकेत सांगितलेला गिअर टाकायचा आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून फेऱ्यांच्या मीटरवर आकडा वाचायचा. सेकंदाला पाच अंशांचा मघाचा हिशेब आठवा. वेळ पुस्तिकेत दिली असेल तितकीच, काही सेकंद. ही चाचणी जाणत्या मेकॅनिकने करायची आहे, विद्यार्थ्यांनी लांबून पाहायची.

आकडा पुस्तिकेपेक्षा जास्त आला तर टर्बाइन खरोखर रोखले गेलेले नाही : गिअरबॉक्समधले क्लच घसरत असतील, किंवा तेल कमी असेल वा त्यात हवा मिसळत असेल. आकडा कमी आला तर एक तर इंजिन दुबळे झाले आहे, किंवा स्टेटरचा एकदिशी क्लच पकडत नाही. टेकूच निसटला की उलटे आलेले तेल पंपाला अडवते आणि इंजिन खालीच अडते. या दोहोंत फरक कसा करायचा? इंजिन दुबळे असेल तर ते मोकळे फिरवतानाही फेरे सुस्तपणे घेते आणि हायड्रॉलिकच्या कामातही दबते. स्टेटर गेला असेल तर मोकळे इंजिन झटक्यात चढते. फक्त यंत्र उभ्यावरून निघताना मरगळते आणि वेग आल्यावर ठीक चालते. तिसरी शक्यता फसवी आहे : स्टेटर उलट अडकून बसला आणि मोकळा फिरेनासा झाला, तर स्टॉल-वेग अगदी बरोबर येतो. ढिगात यंत्र छान रेटते, पण रस्त्याने जाताना वेग धरत नाही आणि तेल तापते. म्हणून जुने यंत्र घेताना ढिगातली चाचणी झाल्यावर ते दोन-तीन किलोमीटर रस्त्यावरही चालवून पाहावे लागते.

आकडा वाचून झाला की लगेच इंजिन बंद करायचे नाही. गिअर न्यूट्रलमध्ये घेऊन, फेरे मध्यम ठेवून, तेल कूलरमधून फिरू द्यायचे आणि काटा खाली आल्यावरच किल्ली फिरवायची.